पुतळाच्या गालावरचा तीळ

सारसोळ्यात आमच्या आळीत मासळी विकणारी पुतळा म्हणजे तोंडाची तिखट. चेहऱ्यावर कोड पसरलं तेव्हा नेरुळच्या सोसायट्यांतल्या बायका तिच्या पाटीपाशी येऊन घुटमळायच्या. ती हसून म्हणायची, "डाग मना हायेत, पापलेटला नाय. घे गो!" मग त्या मुकाट घ्यायच्या. मला त्या बायकांचा अजून राग येतो.

कपाळ, हनुवटी, गाल, सगळं हळूहळू पांढरं झालं. डाव्या गालावरचा तीळ तेवढा काळाभोर राहिला, आणि तिला तेवढाच हवा होता. तिची आई गिरजाबाई सगळं विसरत चालली होती. दुपारी खाडीचं वारं सुटलं की म्हातारी दारात पेंगायची, आणि जागी झाली की लेकीलाच विचारायची, "कोन तू?" पुतळा गाल पुढे करायची. तीळ दिसला की "माजी पुतळा" म्हणत म्हातारी घासासाठी तोंड उघडायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खातच नसे.

मग तीळही फिकट होऊ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोडात तीळ सहसा काळाच राहतो. तुमचा रंग सोडतोय, असं क्वचित होतं. मी नीट तपासलाय, घाबरू नका." पुतळाला तिळाची भीती नव्हतीच. आई उपाशी राहील, ही होती. तीळ पार पांढरा झाला तेव्हा तिनं त्या जागी काजळाचा ठिपका काढला. म्हातारी जेवत राहिली.

एका दुपारी मात्र गिरजाबाई त्या ठिपक्याकडे बघतच बसली. तिची उभी हयात मासळीबाजारात गेलेली. शिळ्या मासळीच्या कल्ल्यांना फासलेला रंग ती नुसता अंगठा फिरवून ओळखायची. तोच अंगठा तिनं लेकीच्या गालावर घासला आणि डोळ्यांसमोर धरला.

"रंग लावलाय," ती म्हणाली. "माज्या पुतळाचा तीळ खरा हाय. तू कोन गो?"

पुतळाचा हात घासासकट तसाच राहिला. पलीकडच्या ओट्यावरून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

म्हातारीलाच तिची दया आली. "रडू नको. बस हितं," ती म्हणाली. "माजी पोर आता बाजारातून येल. ती आल्याबगर मी जेवाची नाय. मंग आपून तिघी जेवू."

पुतळा आईला टेकून बसली. ऊन उतरेपर्यंत दोघी गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून पुतळाची वाट बघत होत्या.