पट्ट्यातला पाना

सौदीत अल-खोबरच्या कामगार कॅम्पात मी अवजारांचं स्टोअर सांभाळायचो. दोडामार्गकडचा एक फिटर काम सुटलं की तिथे यायचा, एकेक पाना कमरेच्या पट्ट्यात खोचायचा आणि दारापर्यंत चालून बघायचा. "हा जड. पळताना खाली ओढील," म्हणत परत ठेवायचा.

गावी त्याची काजूची बाग जंगलाला लागून होती. मोसमात तिथे अस्वल उतरायचं. कायमचा परत गेला की लायसन काढून रिव्हॉल्वर घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. किती वजनाचं झेपेल, याची पारख इथेच चालली होती.

"त्यापेक्षा बंदूक घे की," मी एकदा म्हणालो.

"बंदूक धरून काजू कसे वेचणार, भाऊ? दोन्ही हात मोकळे हवेत."

शेवटी एक मधला पाना त्याला पटला. जेवतानाही तो कमरेला असायचा. कॉन्ट्रॅक्ट मात्र त्याने पुन्हा दोन वर्षांसाठी वाढवलं.

मार्चमध्ये त्याला गावाहून फोन आला. बायको एकटीच बागेत गेली होती. अस्वलाच्या हल्ल्यात ती जागीच गेली.

निघण्याआधी तो स्टोअरवर आला. पाना फडक्याने पुसून त्याने माझ्यासमोर ठेवला.

"वजन बरोबर होतं, भाऊ," तो म्हणाला. "तिलाही झेपलं असतं."