पाठीमागे उभे राहणारे नेगीसाहेब

पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात होती. पोस्टच्या खाली नदी, नदीत ट्राउट मासे. मी लान्स नायक, नागपूरचा. माशांशी माझा संबंध फक्त रश्श्यापुरता.

नायब सुभेदार नेगी यांनी दर रविवारी मला फ्लाय कास्टिंग, म्हणजे गळाची दोरी फेकून मासे धरणं, शिकवलं. त्यात गळाला पिसं बांधतात, त्याला वजन नसतं. वजन दोरीला असतं, म्हणून दोरीच फेकायची. पण पुढे फेकण्याआधी ती पाठीमागे हवेत पूर्ण सरळ व्हावी लागते. नवा माणूस पाण्याकडे बघत घाई करतो आणि गुंता करून बसतो. मीही तेच केलं.

साहेब कायम माझ्या पाठीमागे उभे राहत. दोनदा त्यांच्या कानात गळ घुसला. बोलणं एकच, "पीछे देख." स्वतः त्यांना कास्टिंग जमत नसे. खांद्याच्या जुन्या जखमेमुळे उजवा हात वर जात नव्हता. मग हा माणूस इतकं चांगलं शिकवतो कसा, मला कळत नसे.

एके दिवशी दुपारी १५१० वाजता नदी ओलांडताना सिपाही प्रकाश वाहून गेला. थोडं खाली एका खडकाला धरून राहिला. मी वायरलेसवर कळवलं.

"मॅन इन वॉटर. ओव्हर."

"रोजर. मदत पंधरा मिनिटांत. ओव्हर."

तेवढा वेळ प्रकाशकडे नव्हता. साहेबांनी दोर माझ्या हातात दिला.

"मेरा हाथ नहीं उठेगा. तू फेंक."

मी मांडीभर पाण्यात उतरलो. साहेब मागे, माझा पट्टा धरून. पहिली फेक आखूड पडली. दुसरी प्रकाशने पकडली. त्याला ओढून घेतलं तेव्हा लक्षात आलं, पट्ट्यावरचा हात नाही. कधी सुटला, माहीत नाही. साहेब दुसऱ्या सकाळी खालच्या वळणावर सापडले.

आता नागपुरात हुडकेश्वरला मोकळ्या प्लॉटवर मी तिघांना कास्टिंग शिकवतो. गवतावर, गळाऐवजी लोकर बांधून. बँकेतून निवृत्त झालेले गजभिये परवा वैतागले.

"सर, मांगं काहून उभे राहता जी? समोर येऊन दाखवा ना आमाले. चांगला इन्स्ट्रक्टर तं समोर रायते."

मी मागेच उभा राहिलो. नदीवर त्या दिवशी मागे पाहिलं असतं तर फेक चुकली असती, प्रकाश गेला असता. नाही पाहिलं, साहेब गेले. त्यांचं शिकवणं मी पाळलं की मोडलं? इतकी वर्षं झाली, डोकं चालत नाही. वाईट मात्र रोज वाटतं.

गजभियेंची दोरी अखेर सरळ सुटली. "जमलं जी सर!" ते ओरडले. सगळे पुढे बघत होते. मी मागे वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.