कोणाचा शुक्रवार

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात बर्फ कुठे संपतो, ती रेघ नकाशावर काढणं हे माझं काम. नागपूरला आई सगळ्यांना सांगते की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. तेही खोटं नाही. मी लंडनच्या या ऑफिसात आले ती नकाशाचं सॉफ्टवेअर सांभाळायला. मग माणसं कमी झाली आणि रेघ काढायला मलाच बसवलं.

तिकडच्या भागाचा कारभार आठ देश मिळून बघतात. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव अडतो. ब्रिटन त्या आठांत नाही, नुसता निरीक्षक आहे. एकदा बैठकीत स्लाइड दाखवायला मला नेलं होतं. निरीक्षकांना मागची रांग, आणि बोलायचं ते विचारलं तरच. त्याच रांगेत थोडं पलीकडे भारताची माणसं बसली होती. मी भारताचा पासपोर्ट पर्समध्ये ठेवून ब्रिटनच्या पाटीमागे दिवसभर गप्प बसले. एवढं गप्प मी माहेरीही कधी बसले नव्हते.

आमच्या वाट्याला समुद्राचा एक पट्टा आहे आणि त्याला लागून रशियाचा. दर शुक्रवारी दोन्हीकडचे नकाशे निघतात आणि जहाजवाले ते शेजारी ठेवून वाचतात. वारा सुटला की पाणी आणि पातळ बर्फ सॅटेलाइटच्या फोटोत सारखेच दिसतात. अशा वेळी आमची रेघ आणि त्यांची रेघ सीमेवर थोडी वर-खाली येते, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. नकाशात मग तिथे पायरी पडते. जहाजाच्या कप्तानाने कुठल्या देशावर विश्वास ठेवायचा?

ही पायरी पडू न देणं आमच्या सीनियर बाईंचं काम होतं. बाई स्कॉटलंडच्या, बोलायला फटकळ. सीमेपलीकडे एक गृहस्थ होते आणि त्या दोघांनी मिळून कित्येक वर्षं ती रेघ जुळवली. आधी फोनवर, मग ईमेलवर. युद्ध सुरू झालं, बैठका थांबल्या आणि आम्हाला वरून आदेश आला की पलीकडच्यांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. तरी पायरी पडली नाही. मला वाटायचं, दोघांचा हात आता बसला असेल.

या वर्षी बाई रिटायर झाल्या आणि वॉटफर्डला मुलीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या चहाला त्यांनी केक कापला, साहेबांना दोन टोमणे मारले आणि डोळ्यांतून टिपूसही न काढता निघून गेल्या. पलीकडच्या गृहस्थांना मात्र त्या निरोप कळवू शकल्या नाहीत.

सीमेची रेघ माझ्याकडे आली आणि माझ्या दुसऱ्याच शुक्रवारी पायरी पडली. मी उत्साहाने सकाळी लवकर नकाशा टाकला होता. त्याच सुमारास पलीकडचाही आला आणि दोन रेघा एकमेकींना चुकल्या. दुपारी वॉटफर्डहून फोन आला. बाई घरी बसून वेबसाइट बघत होत्या.

"आज त्यांचा शुक्रवार होता!" त्या ओरडल्या.

मग कुठे मला कळलं. एक शुक्रवार आपला, एक त्यांचा. ज्याचा शुक्रवार तो सकाळी नकाशा टाकतो. दुसरा थांबतो, तो बघतो आणि दुपारी त्याला जुळवून घेतो. माहेरच्या बिल्डिंगमध्ये सामाईक जिना झाडायचा असाच वार ठरलेला असायचा. आदेशानंतरही दोघांनी एक शब्द न बोलता हे चालू ठेवलं होतं.

"मला आधी सांगायचं नाही का?" मी चिडून म्हटलं.

"सांगितलं असतं तर त्याला सहकार्य म्हणाले असते. सहकार्य बंद आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "त्याला वाटेल मीसुद्धा पाठ फिरवली. सगळ्यांनी फिरवली, आता मीसुद्धा."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एक ईमेल टाक ना त्याला, सिंपल आहे."

"अलाउड नाहीये."

"मग व्हॉट्सअ‍ॅप?"

मी त्याच्या हातात घासणी दिली. तो भांडी घासायला गेला.

बाईंनी तोडगा काढला. पुढचा शुक्रवार आपला, पण तू थांब. त्याला आधी टाकू दे, म्हणजे त्याला आपली माफी पोचेल. नकाशाची मुदत संध्याकाळपर्यंत असते, त्यामुळे कोणाचं काही अडणार नव्हतं. शुक्रवारी मी रेघ तयार करून बसले. सकाळ गेली. पलीकडून काही आलं नाही. जेवणाची वेळ टळली, डबा तसाच राहिला, तरी काही नाही. साहेब दोनदा येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहून गेले. मला खरंच भीती वाटायला लागली. माणूस रागावला, की त्यालाही काढून टाकलं?

शेवटी मी वॉटफर्डला फोन लावला. "बाई, काहीच येत नाहीये. पलीकडे सगळं कोरं आहे."

"कोरं?"

"सकाळपासून."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग मला कळलं की बाई रडत आहेत.

"अगं, आज आपला शुक्रवार आहे," त्या म्हणाल्या. "तो आपली वाट बघतोय. टाक आता, किती ताटकळत ठेवशील त्याला?"