तिच्या फोटोखाली
दोन हजार बावीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. बायकोला जाऊन पाचवा दिवस होता. वाळूजला कामाला असलेल्या माझ्या पोरानं, ती जायच्या आधी, दवाखान्यातून घरी आणल्यावर काढलेला तिचा फोटो फेसबुकवर टाकला अन् म्हणाला, "आबा, लोकांनी खाली लिहिलंय, वाचा." मी चौथी शिकलेलो, अक्षराला अक्षर जोडून वाचतो. वाटलं, तिच्याबद्दल दोन चांगले शब्द असतील. पहिल्या दोघातिघांनी हात जोडले होते. पुढं एकानं लिहिलेलं, 'कोणत्या फोननं काढला? चेहरा पार पिवळा आलाय. असले डबडे फोन घेऊ नका.' त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, 'मग तुझ्यासारखा किडनी विकून महागाचा घेऊ का?' मग आईबापावरून शिव्या, वर हसणारी तोंडं, अन् हे सगळं माझ्या मेलेल्या बायकोच्या तोंडाखाली. अरे, तिला कावीळ झालती! पण खरी किळस मला पुढं आली. माझ्या पोरानंही त्यात लिहिलं होतं, 'फोन एक नंबर आहे, घरात उजेड कमी होता.' मी म्हणलं, "आईला कावीळ होती, एवढं लिहिता आलं नाय व्हय रं तुला?" तो म्हणाला, "आबा, ते लोक मुद्दाम आपल्या फोनला नावं ठेवतात." त्या वक्ताला मी जेवलो नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन खिशात घालून औरंगपुऱ्यात फोटोवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "चाचा, चेहरा जरा गोरा कर दूं?" मी म्हणलं, "नाय. जशी होती तशीच काढ, अन् मोठी काढ."