सीट पक्की करायचा फोन

फोन नंबरांच्या जुन्या वहीत मुलाच्या विमानतिकिटाचं लाल कार्बनचं पान सापडलं आणि बोटं लाल झाली. नव्वदच्या दशकात परतीची सीट विमान कंपनीला फोन करून पुन्हा पक्की करावी लागे. मुलगा तीन आठवड्यांसाठी जयनगरच्या घरी आला होता. जायच्या चार दिवस आधी बाहेर पडताना म्हणाला, “आई, तेवढा फोन कर ना. स्वस्तातलं तिकीट आहे, राहिलं तर सीटही जाईल आणि पैसेही.” हे गेल्यापासून त्या घरात मी एकटीच होते. सकाळभर डायल फिरवला, लाइन सतत एंगेज. अकराच्या सुमारास लागली आणि एक मुलगी कानडीत म्हणाली, “हलो, हेळी,” म्हणजे बोला. कानडी मला चांगलं येत होतं, तरी मी रिसीव्हर खाली ठेवला. संध्याकाळी त्याने विचारलं, “झालं का गं?” “दिवसभर एंगेज होता,” मी म्हटलं. “सरी, ठीक आहे, उद्या कर,” म्हणत तो निवांत जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी फोन पहिल्याच खेपेला लागला. मी त्याचं नाव एकेक अक्षर करून नीट सांगितलं. आता त्याचं तिकीट त्याच्या मोबाइलवरच असतं, माझं काही काम पडत नाही. बोटांची लाली साबणाने लगेच निघाली नाही. मीही बोटं फार घासली नाहीत.