पाच तासांनंतरची जाळी

संपादक मंडळींस नमस्कार. गौरवग्रंथासाठी लेख पाठवायची मुदत उलटून गेली, त्याची आधी माफी मागतो. तुमचे दोन्ही निरोप मिळाले होते. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण उशीर त्यामुळे झालेला नाही. का झाला ते पुढे येईल.

श्री. चनबसप्पा मळगे साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. सोलापुरात लहान विमानं चालवायला शिकवणारी आमची एक शाळा होती. तिथे साहेब देखभालीचे मुख्य इंजिनिअर होते आणि मी त्यांच्या हाताखाली मदतनीस. त्याआधी मी होटगी रोडच्या एका गॅरेजात ट्रकची इंजिनं खोलत असे. पहिल्याच दिवशी तेलाचा डबा उघडताना मी शहाणपणा केला. म्हणालो, "साहेब, ट्रकचंच तेल घाला की. ते बी लई भारी असतंय."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "ट्रकच्या तेलातली औषधं जळली की राख राहते. ती राख सिलिंडरमध्ये निखाऱ्यासारखी तापते आणि पेट्रोल भलत्या वेळी पेटवते. ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर उतरून विडी ओढतो. हितला ड्रायव्हर कुठं उतरणार, दत्तू?"

तेल निवडण्याआधी ते इंजिनाची चौकशी करत, जशी डॉक्टर पेशंटची करतात. वय किती, तास किती झाले, आजवर कोणतं तेल प्यायलं. नव्याने बांधलेल्या इंजिनाला पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत साधं, बिनऔषधाचं तेल. मग मळ धरून ठेवणारं तेल. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घट्ट तेल. डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नसे, म्हणून त्यांनी स्वतः वही आणून दिली आणि एकेक शब्द मराठीत लिहून घेतला. माझी पत्नी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा त्यांच्या घरून अकरा दिवस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी येत होती. डबा परत न्यायला साहेब स्वतः यायचे आणि खाटेशी न जाता दारातूनच विचारायचे, "आज जेवल्या का?"

आता जे लिहायचं ते लिहितो.

आमच्या एका जुन्या विमानाचं इंजिन वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललं होतं. ते तेल मिळेनासं झालं, म्हणून साहेबांनी नाइलाजाने तेल बदललं. मला समोर बसवून सांगितलं, "नवीन तेल आतला जुना मळ सोडवणार. सुटलेला मळ कुठं जाणार? तेल गाळणाऱ्या जाळीत. पाच तास उडालं की जाळी काढायची. डोळ्यांनी बघायचं, अंदाजानं नाही."

पाच तास झाले तेव्हा मे महिना होता आणि हँगरचा पत्रा तापला होता. जाळी काढायची म्हणजे तिचं झाकण सैल होऊ नये म्हणून पिळून बांधलेली तार कापायची आणि नंतर नवी तार पिळून बांधायची. मी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं झालं होतं. मळ तेलात उतरलाय, मग जाळीत कशाला अडकेल, असा विचार मी केला. साहेब दुसऱ्या विमानाच्या कामात होते. त्यांनी विचारलं, "जाळी?"

"बघितली की साहेब. साफ हाय."

विमान उडायला ठीक आहे, अशा कागदावर त्यांनी सही केली. साहेबांनी दिलेल्या वहीत मीही लिहिलं: जाळी बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी ते विमान एकटी घेऊन गेली. तेलाचा दाब उतरायला लागला, तशी ती मागे वळली. चाकं टेकली आणि इंजिन बंद पडलं. पोरीने खाली उतरून आधी पाणी मागितलं. साहेबांनी माझ्यासमोर जाळी उघडली. आत करपलेल्या पिठल्यासारखा मळ गच्च बसला होता. पण साहेब जाळीकडे बघतच नव्हते. त्यांच्या हातात तार होती. जुनी, धूळ बसलेली, आधी कुणी न कापलेली. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी ती खिशात घातली.

चौकशीत ते एवढंच म्हणाले, "सही माझी आहे." त्यांचं मुख्य इंजिनिअरचं पद गेलं. निवृत्तीपर्यंत आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली त्यांनी काम केलं. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त त्यानंतर "जाळी?" असं मला कधी विचारलं नाही. स्वतः वाकून बघत.

तेव्हापासून मला कशाचाच भरवसा वाटत नाही. गॅस बंद केला का ते चारदा बघतो. साहेब आता अक्कलकोटला असतात, उजवा हात चालत नाही असं ऐकतो. दिवाळीआधी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून खोकल्याचा आवाज आला आणि मी तसाच एसटी स्टँडवर परत आलो.

तुमच्या ग्रंथात कुणी "ती एक चूक सोडली तर" असं लिहिलं असेल, तर कृपा करून ते काढा. ती चूक साहेबांची नव्हती. वहीतलं ते पान सोबत जोडलं आहे, अक्षर माझंच आहे.

साहेबांना अजून खूप वर्षं मिळोत, हाताला पुन्हा बळ येवो, सकाळचा चहा त्यांना स्वतःच्या हाताने पिता येवो. हा लेख छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. जाळीचा भाग वगळा म्हणतील, तरी वगळू नका. ऐकून ते काय म्हणाले, किंवा काहीच म्हणाले नाहीत, तेवढं मला लवकर कळवा. मी घरीच असतो.