ऑर्डिसबाईंचा वर गेलेला हात

ऑर्डिस लुंडक्विस्टबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या त्या काउंटीतले निम्मे मतदार त्यांच्याच बसमध्ये गप्प बसायला शिकले आणि पुढे ती सवय काही सुटली नाही. तिथे कुणाला तोंडावर "नाही" म्हणणं म्हणजे त्याच्या दारात थुंकण्यासारखं. फार तर "बघू" म्हणायचं आणि विषय यंदा बर्फ किती पडला यावर न्यायचा.

निवृत्तीनंतर बाईंनी स्वतःला पक्षाला वाहून घेतलं. पक्ष कुठला ते सांगत नाही. या गोष्टीपुरते दोन्ही सारखेच. प्रचाराच्या पाट्या अंगणाअंगणात ठोकायच्या, दारं वाजवायची, बैठकीला लिंबाच्या वड्या करून न्यायच्या. आणि या सगळ्या पाट्यांवर गेली अठरा वर्षं एकच नाव होतं: आमदार एल्डन टोर्गर्सन.

एल्डन मवाळ होता. इतका मवाळ, की चौरस्त्यावर समोरून गाडी आली की "आधी तुम्ही" म्हणत दोघं पाच-पाच मिनिटं थांबत. त्याच्या हातून एकच पाप घडलं. काउंटीचा वृद्धाश्रम बंद पडायची वेळ आली, तेव्हा तो विरोधी पक्षाबरोबर मत देऊन आला आणि आश्रम वाचला. त्या आश्रमात, खिडकीजवळच्या पलंगावर, ऑर्डिसबाईंचे यजमान मर्लिन होते. ते बाईंना ओळखत नसत, पण रोज येणारी ही बाई चांगली आहे, असं नर्सला आवर्जून सांगत. हा आश्रम बंद झाला तर पुढचा नव्वद मैलांवर. आणि आश्रमाला पैसे देण्याच्या त्याच तरतुदीवर पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होतं.

पण तत्त्व ते तत्त्व. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीआधी, ऑगस्टमध्ये पक्षातल्या पक्षात होते त्या प्रायमरीत एल्डनविरुद्ध कॉल्टन रिस्टो उभा राहिला. कॉल्टन होड्या विकायचा. त्याच्या व्हिडिओत तो करवतयंत्राने सरकारी कागदांचा गठ्ठा कापायचा. त्यातून नेमकं कुठलं धोरण निघतं ते कुणी विचारलं नाही. एल्डन फितूर असल्याचा पुरावाही त्याच्याकडे होता: शुक्रवारी तळलेली मासळी खाताना एल्डन विरोधकांच्या टेबलावर! गावात खानावळ एक आणि टेबलं सहा, माणसाने बसावं कुठे?

मे महिन्यात चर्चच्या तळघरात पक्षाच्या काउंटी समितीची बैठक भरली. अध्यक्ष ड्वेन गेर्के, म्हणजे कॉल्टनचे सासरे, उभे राहिले.

"तर मंडळी, समितीने प्रायमरीत कॉल्टनच्या पाठीशी उभं राहावं, असा ठराव आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर... म्हणजे बोलायलाच हवं असं नाही."

"मी आपलं नुसतं विचारते हं," लॉइस म्हणाली, "एल्डन नसला तर नोव्हेंबरमध्ये जागा जायची नाही ना?"

"गेली तर गेली. पण शुद्ध जाईल," ड्वेन म्हणाले.

सगळ्यांनी एकेक वडी घेतली. ऑर्डिसबाईंच्या घशाशी "नाही" आलं होतं. त्यांना मर्लिनची खिडकी दिसत होती. पण खोलीत सगळे माना डोलावतायत असं त्यांना वाटलं. चौदा माणसांत आपण एकटीनेच वाकडं का वागावं? हात वर गेला. इतर तेराही गेले. ठराव एकमताने मंजूर.

त्या मुलखात निरोप घ्यायला बैठकीपेक्षा जास्त वेळ लागतो. खरं बोलणं गाडीच्या दाराला हात लागल्यावर सुरू होतं.

"ऑर्डिस, तू कमालच केलीस बाई," लॉइस म्हणाली. "मी एल्डनच्याच बाजूची. पण मनात म्हटलं, जिचा नवरा आश्रमात, तिचाच हात वर, तर मी कोण?"

"मीही तुझाच हात बघितला," दुसरा म्हणाला. तिसराही तेच म्हणाला.

शेवटी ड्वेन जवळ आले. "मी तर जावयाचं मन राखायला ठराव आणला होता. वाटलं, तू तरी पाडशील!"

"मग चला आत, परत मत घेऊ."

"अगं, खुर्च्या घडी करून ठेवल्या ना."

दुसऱ्या दिवशी बाई एल्डनकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. एल्डनने शांतपणे कॉफी ओतली.

"एकमताने झालं ना? मग छान. उगाच कटकट नको."

"अरे, तुला घरी बसवतायत! प्रायमरीच्या अर्जावर मतदारांच्या सह्या लागतात, त्या गोळा करायला लाग."

"करतो ना. कॉल्टनही करतोय. परवा इथे आला होता, बिचारा उन्हात उभा. मी केली त्याच्या अर्जावर सही."

"स्वतःविरुद्ध?"

"दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

ऑर्डिसबाईंनी कपाळाला हात लावला, आणि त्याचा अर्ज उचलून स्वतःच निघाल्या. समितीच्या ठरावाविरुद्ध चारशे दारं वाजवली. चारशेही दारांत "हो हो, नक्की" ऐकलं. शेजारच्या घरात कॉल्टनलाही तेच ऐकू येत होतं.

ऑगस्टमध्ये एल्डन एकोणीस मतांनी पडला. त्यातलं एक मत खुद्द एल्डनचं असावं, असा बाईंना संशय आहे. स्वतःलाच मत देणं त्याला जरा आगाऊपणाचं वाटतं. नोव्हेंबरमध्ये कॉल्टनला विरोधी पक्षाच्या एका दंतवैद्य बाईंनी अकराशे मतांनी आपटलं. जागा अगदी शुद्ध गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या दंतवैद्य बाईंच्या मतावर वृद्धाश्रम तगला. समितीने कडक निषेध नोंदवला आणि रविवारी सगळे आपापल्या आईवडिलांना भेटायला तिथेच गेले.

सप्टेंबरात समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. ड्वेन बारा वर्षं बिनविरोध. यंदा दुसरं नाव आलं: ऑर्डिस लुंडक्विस्ट.

ड्वेन घरी आले, टोपी हातात घेऊन. "ऑर्डिस, आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहायचं? गेल्या साली हेच चुकलं म्हणून तू किती बोललीस."

"एल्डन काम करत होता, ड्वेन. त्याला पाडायला नको होतं. तू काय करतोस?"

"बैठकीनंतर खुर्च्या घडी करतो," ड्वेन म्हणाले.

"मला मत देशील?" बाईंनी विचारलं.

"नाही," ड्वेन म्हणाले आणि स्वतःच दचकले. "नाही देणार! मुळीच नाही!"

"हे आधी बोलला असतास तर," ऑर्डिसबाई म्हणाल्या, आणि खूश होऊन त्यांनी ड्वेनना जेवायलाच थांबवून घेतलं.